बिअरच्या रश्शातले खिम्याचे कोफ्ते, स्लो कुकरमध्ये

स्लो कुकर म्हणजे विजेवर, मंद आचेत, कित्येक तास शिजवणारं झाकणाचं भांडं. त्याला दोन गोष्टी जमत नाहीत. त्यात काही खरपूस होत नाही आणि त्यातलं पाणी आटत नाही. बिअरमधले कोफ्ते फसतात ते बहुतेक वेळा इथेच. कोफ्ते उकडल्यासारखे फिके लागतात, रस्सा पातळ आणि कडवट राहतो. म्हणून ही दोन्ही कामं आधी गॅसवर उरकायची आणि मगच सगळं कुकरच्या हवाली करायचं. इंदूरच्या थंडीत, सुट्टीच्या दुपारी लावून ठेवायला याच्यासारखा पदार्थ नाही.

आधी बिअरचं बघू. चार-पाच जणांच्या रश्शाला ३३० मिलीची एक पाइंट पुरते. दुकानात साधी माइल्ड लागर मागा, किंवा गव्हाची बिअर मिळाली तर ती. बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलेली घेऊ नका, तिची चव रश्श्यात अंगावर येते. हॉप्सच्या फुलांमुळे बिअरला जो कडूपणा येतो, तो उकळून उडत नाही. पाणी आटतं, कडूपणा मात्र तेवढाच राहतो आणि जास्त जाणवतो. म्हणून कमी कडू बिअर निवडणं हेच निम्मं काम. उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर इथे १ एप्रिल २०२५ पासून दारूविक्री बंद आहे. तिकडच्या पाहुण्यांना ‘येताना घेऊन या’ म्हणू नका, इंदुरातच घ्या.

खिमा अर्धा किलो. मटण खांद्याचं, थोडी चरबी ठेवलेलं, मशीनमधून एकदाच काढलेलं. धुवायचं असेल तर मांस खिमा करण्याआधी धुवून घ्या. खिमा धुतला की पाणी आत धरून बसतो आणि गोळे तव्यावर फुटतात.

ब्रेडच्या दोन स्लाइस कुस्करून चार मोठे चमचे दुधात दहा मिनिटं भिजवा आणि बोटांनी लगदा करा. ही पायरी गाळू नका. हा लगदा ओलावा धरून ठेवतो आणि मांस आवळून घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे चार तास शिजूनही कोफ्ता मऊ राहतो. त्यात खिमा, एक अंडं, एक चमचा मीठ, दोन चमचे आलं-लसूण वाटण, दोन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा मिरपूड आणि अर्धा चमचा गरम मसाला घाला. हलक्या हाताने, एकजीव होईपर्यंतच मिसळा. कणकेसारखं मळलं तर कोफ्ते चिवट होतात. चिमूटभर मिश्रण तव्यावर परतून मीठ-तिखट चाखा, मग ओल्या हाताने लिंबाएवढे गोळे वळा. वीसएक होतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की आकार धरतात.

आता जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवा आणि गोळे सुटे सुटे, दोन खेपांत लावा. लगेच हलवू नका. सुरुवातीला गोळा बुडाला चिकटून बसतो. खाली तपकिरी पापुद्रा धरला की तो आपणहून सुटतो, तेव्हाच उलटा. आतून कच्चा राहिला तरी चालेल, पण तो आता थेट कुकरमध्ये जायला हवा. अर्धवट शिजलेला खिमा संध्याकाळसाठी बाजूला ठेवणं धोक्याचं आहे.

रस्सा त्याच कढईत, बुडाला लागलेल्या खरपुडीसकट. दोन मोठे कांदे बारीक चिरून मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता. याला पंधरा मिनिटं लागतात, घाई नको. दीड चमचा मैदा घालून मिनिटभर भाजा. आच कमी करून बिअर थोडी थोडी ओता. फेस भराभर वर येतो, म्हणून कढई मोठी हवी. उलथन्याने बूड खरवडत राहा आणि झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं उकळा. आधी नाकात जाणारा आंबूस वास येतो. तो ओसरून भाजलेल्या धान्याचा वास यायला लागला की बिअर तयार. मोड आणून वाळवलेल्या जवाचाच तो वास.

यात दोन टोमॅटोंची प्युरी, एक चमचा मोहरीचा सॉस, अर्धी वाटी पाणी, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाला. परदेशी पाककृतींत इथे ब्राउन शुगर असते. मला गूळ जास्त आवडतो, तो कडूपणा झाकत नाही, त्याला सामावून घेतो. चाखल्यावर कडू चव अगदी शेवटी, जिभेच्या मागच्या बाजूला हलकीशी जाणवली पाहिजे.

गरम रस्सा आणि कोफ्ते कुकरमध्ये घालून झाकण लावा. ‘लो’वर चार तास, ‘हाय’वर दोन. झाकण दरवेळी उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणून मधे डोकावू नका. थर्मामीटर असेल तर कोफ्त्याच्या मधोमध मटणाला ७१ आणि चिकनला ७४ अंश सेल्सिअस हवं. मधेच वीज गेली तर सगळं पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण करा. घरी कोणी नसताना गेली आणि किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर ते खाऊ नका. कुकर अमेरिकेतून कोणी आणला असेल तर मागचा शिक्का वाचा. तो १२० व्होल्टचा असेल तर ट्रान्सफॉर्मर लागतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट जोडला तर जळून जाईल.

शेवटी रस्सा पातळ वाटला तर एक चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला आणि ‘हाय’वर पंधरा मिनिटं ठेवा. दोन चमचे साय घालायची ती अगदी वाढताना, आधी घातली तर फाटते.

बिअरमधला अल्कोहोल उकळून बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही, बंद झाकणाखाली तर नाहीच. त्यामुळे ताटात वाढायच्या आधी सगळ्यांना सांगा. लहान मुलं, गरोदर बाई, दारू वर्ज्य असलेली औषधं घेणारे आणि न पिणारे यांच्यासाठी बिअरऐवजी तेवढंच मटणाचं सूप आणि एक चमचा व्हिनेगर वापरून वेगळा रस्सा करा. तोही छान होतो.

सोबत पाव चांगला, पण माझी पसंती तुपात न बुडवलेल्या बाफल्याला, म्हणजे उकडून मग भाजलेल्या कणकेच्या गोळ्याला. कुस्करला की रस्सा झकास पितो. शेव मात्र यावर नको. ती लगेच मऊ पडते आणि रश्श्याची चव मसालेदार शेवेखाली हरवते. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करताना स्लो कुकर वापरू नका, गॅसवर खळखळून उकळी आणा.