टर्कीची मादी घरट्यावरून उठली, तर परत येईल का?

अमेरिकेत वन्यजीवशास्त्र शिकताना रानटर्कीच्या घरट्यांवर हंगामी काम मिळालं, तर मादी अंडी घालतेय की उबवायला बसलीय हे आधी ठरवा. उठवलेली मादी परत येणार की नाही, हे बरंचसं त्यावरच अवलंबून असतं.

मादी साधारण रोज एक याप्रमाणे १० ते १२ अंडी घालते. त्या दोन आठवड्यांत ती घरट्यावर थोडाच वेळ येते आणि रात्री झाडावर झोपते. त्यामुळे पाचोळ्याखाली झाकलेली थंड अंडी दिसली की नवखे लोक "सोडलेलं घरटं" अशी नोंद करून टाकतात. घरटं चालू असतं. सुटतं ते आपण तिथे घुटमळल्यामुळे. मादीला लावलेल्या जीपीएस टॅगची (तिची जागा नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राची) रात्रीची ठिकाणं जमिनीवर एकाच जागी येऊ लागली की उबवण सुरू झाली असं धरा. ती २६ ते २८ दिवस चालते.

अंडी घालताना आणि उबवणीच्या सुरुवातीच्या दिवसांत उठवलेली मादी घरटं सहज सोडते. शेवटच्या आठवड्यात ती इतकी घट्ट बसते की पाय पडेपर्यंत हलत नाही, आणि उठली तरी बहुधा परतते. हाताच्या वासाने ती घरटं सोडते ही समजूत बाजूला ठेवा. तिला माणूस दिसणं हेच पुरेसं असतं.

चुकून उठवलीच, तर थांबू नका, फोटो काढू नका, अंडी झाकायलाही जाऊ नका. चालत होता तसेच पुढे निघून जा. आल्या वाटेने परत फिरू नका. तुडवलेलं गवत आणि झुडपाला बांधलेली रंगीत फीत यांनी जागा उघडी पडते. रॅकून, स्कंक आणि कावळे तशीही अंडी शोधतच असतात. खूण हवी तर दूरच्या झाडाला करा, दिशा आणि अंतर वहीत लिहा.

परतली का, हे टॅगवरूनच पाहा. रोजच्या चरण्यासाठी ती थोडा वेळ उठतेच, तेव्हा दोन-तीन तासांच्या गैरहजेरीवर निष्कर्ष काढू नका. उबवण सुरू झाल्यावर सलग एक रात्र ती घरट्याबाहेर राहिली, तरच जाऊन कवचं तपासा. रुंद टोकाची टोपी गोल कापल्यासारखी सुटली असेल तर पिल्लं बाहेर पडली. ती साधारण दिवसभरात आईमागे निघून जातात. चिरडलेली, विखुरलेली कवचं म्हणजे शिकार. उबवण सुरू झाल्यानंतरची अखंड थंड अंडी म्हणजे सोडलेलं घरटं. तरीही त्या मादीचा टॅग पाहत राहा. घरटं लवकर गेलं असेल तर ती दुसरं करू शकते, त्यात अंडी बहुधा कमी असतात, आणि साठवलेल्या शुक्राणूंमुळे तिला नव्याने नर लागेलच असं नाही.