गरम झाली की बंद पडणारी जुनी बीटल: माझा अनुभव

शाळेच्या वहीत जिची चित्रं काढली, ती फोक्सवॅगन बीटल अखेर दारात आली आणि लक्षण दिसलं: थंड असताना झकास सुरू, अर्ध्या तासाने धक्के खाऊन बंद. थंड होईपर्यंत स्टार्टर नुसता फिरतो.

पेट्रोलची वाफ अडकते असं सगळ्यांचं निदान. कार्बुरेटर साफ केला, पेट्रोल पंप बदलला, नळीवर ओली फडकी गुंडाळली. फरक शून्य, वैताग आला.

मग गाडी बंद पडल्या पडल्याच ठिणगी तपासली. जास्तीचा स्पार्क प्लग वायरला लावून इन्सुलेटेड पकडीने इंजिनाच्या धातूला टेकवला (पेट्रोलपासून दूर!) आणि स्टार्टर मारायला लावला. ठिणगी पिवळी, मरतुकडी. पॉइंटही (ठिणगीसाठी उघडझाप करून वीज तोडणारे संपर्क) जळून काळे. म्हणजे संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथे जाळ होऊ न देणाऱ्या छोट्या कपॅसिटरवर. गरम झाल्यावरच दगा देणारे कंडेन्सर असतात.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) बाहेरचा स्क्रू सोडून कंडेन्सर बदलला, सोबत पॉइंटही. क्रँकची पुली फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणारा फिरता भाग) उंचवट्यावर आणली, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) पॉइंटमधली फट ०.४ मिमी ठेवली, स्क्रू आवळून फट पुन्हा मोजली. आवळताना ती हमखास सरकते. शेवटी बॅटरी जोडून टायमिंग (ठिणगी नेमकी केव्हा पडावी ते) लावलं. हा क्रम उलटा करू नका, कारण फट बदलली की टायमिंगही बदलतं.

आता ठिणगी निळी, आणि गरम इंजिन लगेच सुरू होतं. नवे कंडेन्सरही कधीकधी सदोष निघतात, म्हणून एक तपासलेला गाडीतच ठेवतो.