पायटेस्ट चालवताना प्रिंटचे आउटपुट कसे पाहावे

समजा, फोंड्यातील एखादा विद्यार्थी रायबंदरहून चोडणला जाणारी पुढची फेरीबोट सांगणारा पायथन प्रोग्राम लिहितो आणि त्याची चाचणी पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाने चालवतो. मधले हिशेब तपासण्यासाठी टाकलेल्या प्रिंटच्या ओळी पडद्यावर उमटत नाहीत, तेव्हा प्रोग्राम तिथवर पोहोचलाच नाही, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पायटेस्टने ते आउटपुट अडवून ठेवलेले (‘कॅप्चर’ केलेले) असते. चाचणी नापास झाली तरच ते अहवालात दाखवले जाते. शेकडो चाचण्या एकदम चालवल्या जातात तेव्हा ही व्यवस्था अत्यंत योग्य ठरते.

म्हणून चाचणी नापास झाली असेल, तर आधी अहवाल शेवटपर्यंत वाचावा. त्यात ‘कॅप्चर्ड एसटीडीआउट कॉल’ या मथळ्याखाली आपला मजकूर असतो, आणि तो फिक्स्चरमध्ये, म्हणजे चाचणीसाठी लागणारी तयारी करून देणाऱ्या फंक्शनमध्ये, छापला गेला असेल तर ‘कॉल’ऐवजी ‘सेटअप’ असे लिहिलेले असते. पुष्कळजण हा भाग न वाचताच पुढचे उपाय शोधू लागतात.

चाचणी पास होत असेल, तर कमांडला आडवी रेघ, लहान आर आणि मोठा पी जोडून द्यावेत (सर्व कमांड रोमन लिपीत टाइप कराव्यात). येथे अक्षराचा आकार महत्त्वाचा आहे, कारण लहान पी दिल्यास पास झालेल्या चाचण्यांची फक्त नावे मिळतात, आउटपुट मिळत नाही.

चाचणी मध्येच अडकत असेल आणि मजकूर त्या क्षणीच दिसायला हवा असेल, तर आडवी रेघ आणि लहान एस द्यावा. हा पर्याय सर्वांत प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते तो सर्वांत शेवटी वापरावा: आउटपुट प्रगती दाखवणाऱ्या ठिपक्यांत मिसळते आणि नापास चाचणीच्या अहवालात वेगळे येत नाही. मजकूर लगेच दिसावा आणि अहवालातही राहावा असे वाटत असल्यास, 5.4 आवृत्तीपासून कॅप्चरच्या पर्यायाला ‘टी-सिस’ (टी, ई, ई, आडवी रेघ, एस, वाय, एस) हे मूल्य देता येते. एक्सडिस्ट या पायटेस्टच्या प्लगइनच्या साह्याने चाचण्या समांतर चालवल्यास मात्र लहान एसचा उपयोग होत नाही. तेव्हा ती एकच चाचणी ‘के’ पर्यायाने निवडून स्वतंत्रपणे चालवावी.

छापायचे काय, याकडेही तितकेच लक्ष द्यावे. पायथन 3.8 पासून एफ-स्ट्रिंगच्या (अवतरणाआधी एफ लावलेल्या मजकुराच्या) महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह दिले की नाव आणि मूल्य दोन्ही छापले जातात, आणि मूल्य मजकूर असेल तर तेही अवतरणचिन्हांसह; त्यामुळे ‘9:40’ च्या मागे राहिलेली रिकामी जागा, जिच्यामुळे तुलना फसते, लगेच दिसते. जी माहिती नेहमीच लागणार आहे, तिच्यासाठी प्रिंटऐवजी लॉगिंग, म्हणजे पायथनची नोंदी ठेवण्याची सोय, वापरावे आणि त्या नोंदी पडद्यावर दिसण्यासाठी पायटेस्टच्या सेटिंग फाइलमध्ये ‘लॉग सीएलआय’ सुरू करावे.

छापलेला मजकूरच तपासायचा असेल, तर चाचणीत ‘कॅपसिस’ फिक्स्चर घ्यावे. त्याचे ‘रीडआउटएर’ वापरल्यावर तोवरचे आउटपुट हाती येते आणि साठा रिकामा होतो, म्हणून ते एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवून मगच तपासावे.