आधी पू बाहेर, चित्र नंतर

रेडिओडायग्नोसिसमध्ये, म्हणजे क्ष-किरण, सोनोग्राफी अशा चित्रांवरून निदान करण्याच्या शाखेत, एमडी किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी घेऊन इंटरव्हेंशनकडे, म्हणजे चित्र पाहत सुई-नळीने उपचार करण्याकडे, वळू पाहणारे विद्यार्थी मला भेटतात, तेव्हा फेलोशिप, म्हणजे पुढचे विशेष प्रशिक्षण, कोठे करावी हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. जेथे सुई तुमच्या हातात देऊन वरिष्ठ शेजारी उभे राहतात तेथे करावी, एवढेच माझे उत्तर आहे. संस्थेचे नाव कितीही मोठे असले, तरी दोन वर्षे केवळ ट्रॉली लावून देण्यात जाणार असतील तर तेथे जाऊ नये. दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्लास्टिकच्या नळीतून वायर सरकवून मिळालेल्या प्रमाणपत्रालाही मी फारशी किंमत देत नाही, कारण कोठे थांबावे हे तेथे शिकवता येत नाही.

मी स्वतः कोठे थांबायला हवे होते आणि थांबले नाही, ते सविस्तर सांगते. सोलापुरात माझ्याकडे पीसीएनचे, म्हणजे पाठीतून सुई घालून मूत्रपिंडात नळी बसवण्याचे, काम सर्वांत जास्त येते. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, अगदी सीमेपलीकडच्या इंडीहूनही मूतखड्याचे रुग्ण चार-पाच दिवस ताप अंगावर काढून येतात, आणि तोवर खड्याच्या वर तुंबलेल्या लघवीचा पू झालेला असतो. प्रशिक्षण संपवून परतले त्याच वर्षी पूर्व भागातील एका विडी कामगार आजींना अशाच अवस्थेत टेबलावर घेतले होते. सोनोग्राफीखाली १८ गेज जाडीची सुई पहिल्याच प्रयत्नात खालच्या कॅलिक्समध्ये, म्हणजे मूत्रपिंडातील लघवी जमा होणाऱ्या कप्प्यात, गेली, स्टायलेट (सुईच्या आतली सळी) काढताच ताकासारखा गढूळ द्राव आला आणि मला विलक्षण आनंद झाला. खडा नेमका कोठे अडकला आहे हे सीआर्मवर, म्हणजे टेबलाजवळच्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर, संपूर्ण दिसावे म्हणून मी जवळजवळ २० मिलिलिटर कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत उठून दिसणारा द्रव) सिरिंजने आत ढकलले. चित्र सुरेख आले. नळी बसवून, टाका घालून मी बाहेर आले आणि अर्ध्या तासात वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला, "मॅडम, आजींना हुडहुडी भरलीय, पलंग हलतोय." वरचा रक्तदाब ८० पर्यंत घसरला होता. तीन रात्री त्या आयसीयूत होत्या. त्या वाचल्या, पण सिरिंजमध्ये तसा द्राव दिसला की आजही माझा हात क्षणभर थांबतो.

झाले ते असे. तुंबलेल्या मूत्रपिंडात दाब आधीच वाढलेला असतो. त्यात आणखी द्रव भरला की पुवातील जंतू कॅलिक्सच्या कडांमधून थेट शिरांत ढकलले जातात. म्हणून पंक्चरपूर्वीच अँटिबायोटिक शिरेतून गेलेले असावे. सुई आत गेल्यावर प्रथम द्राव काढून घ्यावा, त्यातला थोडा कल्चरला, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीला, पाठवावा आणि जागेची खात्री करायचीच असेल, तर काढला त्यापेक्षा पुष्कळ कमी, दोन-तीन मिलिलिटर कॉन्ट्रास्ट अगदी हलक्या हाताने द्यावे. मूत्रपिंड चांगले फुगलेले असेल तर तेवढ्याचीही गरज नसते, कारण वायर आत वेटोळे घेताना सीआर्मवर दिसतेच. ८ फ्रेंच मापाची पिगटेल, म्हणजे टोकाशी वेटोळे असलेली नळी, बसवावी, ती पिशवीला जोडावी आणि थांबावे. खडा कोठे आहे हे ताप उतरल्यावर, दोन-तीन दिवसांनी, नळीतून कॉन्ट्रास्ट देऊन निवांत पाहता येते. "आताच पाहून घ्या" असा आग्रह कोणी वरिष्ठांनी धरला तरी नम्रपणे नाही म्हणावे.

बाकीच्या गोष्टी तुम्हांला ठाऊक आहेत. रक्त गोठण्याचे माप असलेला आयएनआर १.८ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असाव्यात, मात्र पुवाने भरलेले मूत्रपिंड आकड्यांसाठी ताटकळत ठेवू नये. या आकड्यांची दुरुस्ती आणि पंक्चरची तयारी बरोबरीने चालवावी. सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडलेला सुई, वायर आणि मग नळी हा क्रम आजही तोच आहे, आणि त्यात वायर एका हाताने कायम धरलेली असावी. डायलेटर, म्हणजे मार्ग रुंद करणारी निमुळती नळी, वायरच्या रेषेतच पुढे न्यावा. तिरका रेटला तर वायर मुडपते आणि मार्ग हरवतो. सीआर्मची क्ष-किरण सोडणारी नळी टेबलाखाली ठेवावी आणि एक पाऊल मागे उभे राहावे, कारण अंतर दुप्पट झाले की किरणांची मात्रा चौथ्या हिश्शावर येते. मे महिन्यात किरण अडवणाऱ्या शिशाच्या लेड ॲप्रनखाली कपडे भिजून जातात, तरीही तो उतरवून काम करणारा सहकारी दिसला तर त्याला स्पष्ट शब्दांत अडवावे.

हात थरथरतो म्हणून हे क्षेत्र आपले नाही असे कृपया मानू नका. माझा पहिले कित्येक महिने थरथरत असे. ज्या सरांकडे मी शिकले ते अशा वेळी काहीही न बोलता माझ्या मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल सरकवत, आणि मनगट टेकले की सुई स्थिर होई.

सोलापुरात काम करणार असाल तर आणखी एक तयारी करा. पालथ्या रुग्णाने श्वास रोखला नाही तर मूत्रपिंड सुईखालून सरकते, आणि घाबरलेल्या माणसाला अशा वेळी स्वतःच्या भाषेखेरीज काही उमगत नाही. कानडी रुग्णाला "उसिरु हिडीरी" आणि तेलुगू रुग्णाला "ऊपिरि बिगपट्टंडी" असे सांगता आले पाहिजे. ॲप्रन चढवण्यापूर्वी खाटेशेजारी बसून दोन-तीनदा त्यांच्याकडून श्वास रोखून घ्यावा. आजींसाठी मी तेलुगू वाक्य शिकले ते त्या घरी जाण्याच्या दिवशी, आणि उच्चार त्यांनीच सुधारून दिला.