मुंबई ते लंडन विमानाचं अंतर आणि खरा लागणारा वेळ कसा काढायचा

आईबाबांना लंडनला बोलवायचं ठरलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, किती तास बसायचं रे? तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर उत्तर चुकतं, म्हणून हे नीट काढायला शिकाच, अवघड काही नाहीये.

1. आधी अंतर. सपाट नकाशावर पट्टी लावू नका. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला की जी रेघ मिळते तीच सगळ्यात जवळची वाट, गुगल अर्थमधल्या मोजपट्टीनेही तीच निघते. मुंबई ते हीथ्रो (लंडनचं मुख्य विमानतळ) साधारण 7,200 किमी भरतं.

2. त्याला 900 ने भागा, कारण मोठी जेट विमानं वर गेल्यावर ताशी साधारण तेवढ्या वेगाने जातात. आले 8 तास. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा, झाले साडेआठ.

3. पण प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, ते का? एक म्हणजे ती जवळची रेघ इराण, कॅस्पियन समुद्र करत युक्रेनवरून जाते आणि 2022 च्या फेब्रुवारीपासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे वळसा पडतो. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली, म्हणजे कोणत्या कंपनीचं तिकीट यावरही वेळ बदलते. आणि दुसरं म्हणजे वारा, वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, जाताना ते समोरून येतात आणि येताना पाठीमागून ढकलतात, म्हणून परतीला वेळ कमी.

4. आता घड्याळ, इथेच सगळे गोंधळतात. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच (मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदल होतो). समजा जूनमध्ये दुपारी 1:30 ला निघून संध्याकाळी 6:30 ला पोचायचंय, तर दिसतात 5 तास, त्यात साडेचार मिळवा म्हणजे खरे साडेनऊ. येताना तेवढेच वजा करायचे.

5. घर ते घर हिशोब मात्र सोडू नका, माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. पुण्याहून निघालात तर मुंबई एअरपोर्टपर्यंत 4 तास धरा, तिथे 3 तास आधी पोचायचं, साडेनऊ तास विमान, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास, म्हणजे डायरेक्ट फ्लाइट असूनही लंडनच्या एअरपोर्टबाहेर पडेपर्यंतच 18 तास, तिथून घरापर्यंतचा वेळ वेगळा, आणि दुबई-दोहाला थांबा असेल तर तो वेगळा.

आईबाबांच्या डॉक्टरांना हाच आकडा सांगा, साडेनऊचा नाही. शुगरच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते भारतीय वेळेप्रमाणे कागदावर लिहून घ्या, आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, खाली सामानात ते गोठू शकतं.