जाळरेषा आत्ताच काढा, फेब्रुवारीची वाट बघू नका

माळ, पडीक किंवा उतारावर आंबा-काजू असेल तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढा. दरवर्षी तेच बघतोय, लोक खत घालतात, ठिबक करतात, कुंपणाला पैसे घालतात आणि बांधापलीकडचं कंबरेएवढं वाळलं गवत तसंच ठेवतात, मग एका दुपारी वारा सुटतो आणि पोरासारखी वाढवलेली कलमं तासाभरात करपतात. वनखातं वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतं, पण कुसळी गवत त्याच्या कितीतरी आधी खडखडीत झालेलं असतं.

रेषा निदान 3 मीटर रुंद. उताराच्या खालच्या अंगाला दुप्पट, कारण आग चढावर पळते. गवत कापून उचलून न्या आणि माती दिसेपर्यंत खरवडा. दुकानदार म्हणेल ग्लायफोसेट तणनाशक मारा, काम सोपं होतं. नका मारू. वाळल्या गवतावर त्याचा उपयोगच नाही आणि हिरव्यावर मारलं तरी गवत उभ्या उभ्या वाळतं नि तेच पेटतं. विळा आणि फावडं पुरे.

आता ते "माळ जाळला की गवत जोमात येतं" बद्दल. कोंब फुटतात हे खरं, पण पवना, मारवेल, डोंगरी या चांगल्या चाऱ्याच्या गवतांचे कोवळे कोंब जनावरं लगेच ओरबाडतात, त्यांना बी धरायला सवडच मिळत नाही. कुसळीचं बी मात्र ओल लागली की कुसळाचा पीळ उलगडून जमिनीत घुसतं आणि आगीतून वाचतं. असं वर्षामागून वर्ष चाललं की सगळा माळ कुसळीचाच, जून झाली की जनावर तोंड लावत नाही, मग ती उभी वाळते आणि परत पेटते. अमेरिकेत नेवाडा, आयडाहोच्या सेजब्रश झुडपांच्या माळांवर हाच फेरा आहे, तिथं बाहेरून आलेलं चीटग्रास गवत उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून पेटतं, आणि तिथलं मोठं सेजब्रश एकदा जळालं की बुंध्यातून फुटत नाही, त्यामुळे मोकळ्या जागेवर परत चीटग्रासच. आपली कुसळी तर इथलीच आहे, तरी ही गत.

जळलेल्या माळासाठी:
- पहिला पावसाळा चराई बंद, गवत कापूनच न्या
- कुसळी फुलोऱ्याआधी कापा
- अंजन गवताचं बी हेक्टरी 4 ते 6 किलो, पहिल्या पावसावर, 1 सेंमीपेक्षा खोल नको
- मारवेलचे ठोंब जुलैत
- स्टायलो या द्विदल चाऱ्याचं बी 80 अंश गरम पाण्यात 4-5 मिनिटं, मग रात्रभर गार पाण्यात

बी विकत घ्यायच्या आधी बांधावर आणि काटेरी झुडपांच्या आत बघा. तिथं पवना दिसला तर माझा अंदाज असा की दोन-तीन पावसाळे न जाळता, न चारता ठेवलं तर तो आपोआप पसरतो, महागडी हायब्रीड गवताची पाकिटं आणि वाढीची टॉनिकं कोरडवाहू माळावर ओतू नका.

राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यात गुन्हा आहे, शेजाऱ्यालाही सांगा. धूर दिसला की लगेच 1926 ला फोन, गावात हाळी द्या, हिरव्या डहाळ्या घेऊन जा आणि आगीच्या वरच्या अंगाला कुणीही उभं राहू नका.