दोन फुटी टाकीत कोण कोणाजवळ नांदेल?

नेरुळच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी माशांची दोन फुटी टाकी आहे, साधारण ५४ लिटरची. पहिल्यांदा दुकानदाराने गप्पी आणि टायगर बार्ब हे मासे एकत्रच दिले. तिसऱ्या दिवशी एका नर गप्पीची नारिंगी शेपटी कंगव्यासारखी फाटलेली दिसली. बार्ब ती कुरतडत होते. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी रंगाआधी स्वभाव आणि पूर्ण वाढ विचारते. रुपयाएवढा एंजल मासा पुढे तळहाताएवढा होतो, मग इवले निऑन टेट्रा मासे गिळतो. गोल्डफिश या टाकीत नकोच. त्याला थंड पाणी लागतं आणि घाणही खूप करतो. नर फायटर मासा लांब शेपटीच्या गप्पीवर धावून जातो, तो वेगळाच ठेवा.

माझ्याकडे छान जमलेली मंडळी म्हणजे ६ नर गप्पी आणि ६ कोरीडोरास, म्हणजे कोरी. गप्पी वर हुंदडतात. कोरी तळाच्या बारीक वाळूत मिशा खुपसून खाणं शोधतात, कल्ल्यांतून वाळू भुरभुर बाहेर पडते. ते बघत बसावंसं वाटतं! एकटी कोरी मात्र बुजून कोपरा धरते. गप्पीची मादी महिन्याला पिल्लं घालते, म्हणून नरच घ्या.

नव्या टाकीत लगेच मासे सोडू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब टाका, फिल्टर चालू ठेवा, मासे नसले तरी रोज चिमूटभर खाद्य घाला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढतात. चारेक आठवड्यांनी पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्य दिसली, की थोडं पाणी बदलून आधी गप्पी सोडा, पंधरा दिवसांनी कोरी.